बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मेजर कोणता घ्यायचा, आणि हे मुलांना सांगणार कोण?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण कोल्हापुरात बीएस्सी शिकते. पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र असे तीन विषय होते. आता दुसऱ्या वर्षाला त्यातला एक मेजर म्हणजे मुख्य, एक मायनर म्हणजे दुय्यम करायचा आणि तिसरा सोडायचा. फॉर्मची मुदत पुढच्या आठवड्यात संपते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. मी आयटीआय करून शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. वडील म्हणतात, पुढं बीएड करता येईल असं काहीतरी घे. तिला स्वतःला संख्याशास्त्र आवडतंय, मार्कही त्यातच चांगले आहेत. मैत्रिणी सगळ्या फिजिक्सला चालल्यात. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर खिडकीतून उत्तर आलं, नोटीस बोर्ड बघा. नोटिशीवर डीएससी, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. खाली शिक्का आणि सही.

माझं स्पष्ट मत आहे की फी घेताना जसा एक माणूस समोर बसलेला असतो, तसा विषय निवडताना पण एक माणूस समोर बसलेला पाहिजे. पुढची सगळी वाट या एका कागदावर ठरते आणि तो कागद पोरं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकमेकांचं बघून भरतात. तुमच्या पोराबाळांनी हे कसं ठरवलं? आणि हिच्यासाठी काय सुचवाल?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

फिजिक्स. डोळे झाकून.

गडहिंग्लजचा_बाळू

डोळे झाकून का म्हणे? कारण तरी सांगा की राव. पोरगी संख्याशास्त्र आवडतंय म्हणतेय.

आमच्या घरी थोरल्याचा हा निर्णय मिसळीच्या टेबलावर झाला आणि जादा कट यायच्या आत झाला. पोरगा सुखात आहे, पण सगळ्यांचं तसं जमेलच असं नाही.

तासिकावाली

मी कोल्हापुरातच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आधी ती अक्षरं सोडवून सांगते, कारण दर जूनमध्ये पालक हाच कागद घेऊन येतात आणि स्टाफरूमबाहेर ताटकळत उभे राहतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्याकडं स्वायत्त कॉलेजांना २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झालं. तीन वर्षांची पदवी साधारण १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. डीएससी म्हणजे तुमचे मुख्य विषय. ओई म्हणजे मेजरच्या विद्याशाखेच्या बाहेरचा विषय, म्हणजे विज्ञानाच्या मुलीनं वाणिज्य किंवा कला शाखेतलं काहीतरी घ्यायचं. व्हीएससी आणि एसईसी ही कौशल्याची कामं, पैकी व्हीएससी मेजरला धरून असते. एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान वगैरे, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान परंपरा. पुढं फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडलेलं काम आणि सहसा सहाव्या सत्रात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण.

यातलं बरंचसं कॉलेज ठरवून देतं. मुलीच्या हातात खरे निर्णय तीनच: मेजर, मायनर आणि ओजेटी कुठं करायची. डोकं तिथं लावा. बाकीच्या अक्षरांपायी रात्री जागवू नका.

भोगावतीकाठ

ताई, लई उपकार झाले. हा एवढा परिच्छेद नोटिशीखाली चिकटवला असता तरी निम्मी गर्दी कमी झाली असती.

तिला फिजिक्सच्या एका सरांनी बोलावून सांगितलं की आमच्याकडंच ये. संख्याशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडं ये. दोघंही चांगली माणसं आहेत. पण दोघांचं ऐकून ती जास्तच गोंधळली.

निवृत्त_मास्तर

त्यामागचं कारण सांगतो. मी ते आतून पाहिलेलं आहे.

अनुदानित कॉलेजात विभागाचं पद टिकायचं असेल तर कार्यभार दाखवावा लागतो, आणि कार्यभार अवलंबून असतो मुलांच्या संख्येवर. पूर्वी तिन्ही वर्षं मुलं ठरलेल्या गटातून पुढं सरकायची. आता पहिल्या वर्षाच्या शेवटी तीन विभागांपैकी एकाची मुलं कमी होणार हे नक्कीच असतं. त्यामुळं जो शिक्षक तुमच्या बहिणीला सल्ला देतोय, त्याच्या विभागाचं भवितव्यही त्याच सल्ल्यावर अवलंबून आहे. तो खोटं बोलत नाही. त्याला त्याचा विषय मनापासून मोठा वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण सल्ला देणाऱ्याचं पोट निर्णयाला बांधलेलं असेल तर तो निःपक्ष राहणं अवघड.

नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था. तिच्या मूल्यांकनात मेंटर-मेंटी गुणोत्तर, म्हणजे एका मार्गदर्शक शिक्षकामागं किती मुलं, ते विचारतात. प्रत्येक कॉलेजकडं त्याची फाईल असते. तिच्या कॉलेजात तिचा मेंटर कोण आहे ते शोधा. यादीत नाव असणार म्हणजे असणारच. शक्यतो या तीन विषयांबाहेरचा शिक्षक निघाला तर सोन्याहून पिवळं.

खासबाग_मैदान

सगळ्यांची मतं वाचली. मला हे कौतुक पटत नाही. पोरगी एकोणीस वर्षांची आहे, मतदान करते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम आहे, नियम आहेत. ते वाचायला शिकणं हाच शिक्षणाचा भाग नाही का? प्रत्येक गोष्टीला हात धरणारा माणूस दिला तर पोरं नोकरीत गेल्यावर काय करणार?

तासिकावाली

@खासबाग_मैदान, वाचायला शिकावं हे शंभर टक्के मान्य. पण कुणाच्या घरी आई प्राध्यापक, मामा इंजिनिअर, शेजारी बँकेत, त्या पोराला हे जेवता जेवता कळतं. त्याला कुणी हात धरला असं आपण म्हणत नाही. राधानगरी, गगनबावडा, चंदगडातून येणाऱ्या पोरीच्या घरी तो माणूसच नसतो. कॉलेजनं दिला तर ती फक्त बरोबरीला येते.

शाहू महाराजांनी याच गावात जातवार वसतिगृहं उभी केली, पहिलं १९०१ साली. त्यामागंही हाच विचार होता की पोराला शाळेत घातलं की काम संपत नाही, त्याला शहरात पाठीशी कुणीतरी लागतं. कोल्हापूरनं तरी हे विसरू नये.

खासबाग_मैदान

हा मुद्दा पटला. वसतिगृहाचं उदाहरण बरोबर आहे. तरी नियम स्वतः वाचावेत हे माझं म्हणणं कायम.

कागल_नाका

मी स्पर्धा परीक्षेची पोरं बघतो, तेव्हा मूळ प्रश्नाकडं उलट्या बाजूनं येतो. आधी विषय निवडून मग नोकरी शोधू नका. आधी तीन-चार जाहिराती काढा आणि पात्रतेची ओळ वाचा. तिथून मागं चालत या.

संख्याशास्त्राबाबत दोन ओळी महत्त्वाच्या आहेत.

एक, यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला पाहिजे, नाहीतर त्यात पदव्युत्तर पदवी. वय २१ ते ३०.

दोन, एसएससी सीजीएलमधलं स्टॅटिस्टिकल इन्व्हेस्टिगेटर ग्रेड टू. इथं नुसता विषय असून भागत नाही. पदवीच्या तिन्ही वर्षांत, सहाच्या सहा सत्रांत संख्याशास्त्र शिकलेलं पाहिजे.

आता हे तुमच्या बहिणीच्या फॉर्मला लावा. तिनं फिजिक्स मेजर घेतलं आणि संख्याशास्त्र सोडलं, तर दुसरं दार आजच बंद. संख्याशास्त्र मायनर घेतलं, तर तो मायनर तिच्या कॉलेजात सहाव्या सत्रापर्यंत चालतो का, की पाचव्यातच क्रेडिट पुरी होऊन थांबतो, हे तक्त्यात बघावं लागेल. एका सत्रासाठी अर्ज बाद होऊ शकतो, आणि ते कळणार चार वर्षांनी कागदपत्र पडताळणीला. मेजर घेतलं तर प्रश्नच मिटला.

निवृत्त_मास्तर

@कागल_नाका, फार मोलाची गोष्ट सांगितलीत. मायनरचा हा बारकावा शिक्षकांच्याही लक्षात येत नाही.

रंकाळा_टॉवर

नाद खुळा माहिती. सेव्ह करून ठेवली.

फुलेवाडीची_मेघना

वडिलांच्या बीएडच्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते. मी शाळेत गणित शिकवते.

बीएडला पदवीला खुल्या वर्गासाठी ५० टक्के लागतात आणि सीईटी द्यावी लागते. तिथं अध्यापनाचे विषय निवडताना पदवीत काय शिकलात ते बघतात. शाळेत गणित असतं, विज्ञान असतं, संख्याशास्त्र असा वेगळा विषय नसतो. म्हणून संख्याशास्त्र मेजर घेतलं तर मायनर गणितच ठेवावं. भरतीला पुढं सरकारचं पवित्र पोर्टल, त्यासाठी टेट ही अभियोग्यता चाचणी, आणि पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी ही वेगळी पात्रता परीक्षा. वडिलांना एवढं नक्की सांगा की बीएड केलं म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा मिळत नाही. भरती कधी निघेल याची वाट बघणारी खूप मुलं माझ्या ओळखीची आहेत. बीएड हा एकच बेत ठेवू नये, हातात दुसरंही काही असावं.

भाग_तीनची_प्रियांका

मी स्वतः विद्यार्थिनी, आता तिसऱ्या वर्षाला. आमची तुकडी संलग्न कॉलेजातली नव्या धोरणाची पहिली. आमच्या वेळी शिक्षकांनाही सगळं नवीन होतं, त्यामुळं त्यांना दोष देत नाही.

पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ओई निवडायची म्हणजे यादीतून आवडेल ते घ्यायचं असं नसतं. यादीत चार विषय असतात, शिकवायला माणूस दोनालाच असतो, आणि त्यातल्या एकाची वेळ तुमच्या प्रॅक्टिकलवर येते. शेवटी सगळा वर्ग एकाच विषयाला बसतो.

दुसरं म्हणजे एसटी. मी पन्हाळ्याच्या बाजूनं येते. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सत्रात साठ तास, आठवड्याला चार तास धरा. मेजरला प्रॅक्टिकल जास्त. बॅच दुपारची लागली तर सुटायला साडेपाच. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर पोचेपर्यंत गावाची सोयीची गाडी गेलेली असते, पुढची भरून येते. ज्या पोरी गावाकडून येतात त्यांनी मेजर निवडण्याआधी त्या विभागाच्या प्रॅक्टिकलच्या बॅच कधी असतात ते विचारावं. माझ्या वर्गातल्या एकीनं आवडता विषय याच कारणानं सोडला. घरचे रात्रीच्या प्रवासाला तयार नव्हते.

गडहिंग्लजचा_बाळू

हे वाचून वाईट वाटलं. अर्ध्या तिकिटात एसटी झाली, पण गाडी वेळेला पाहिजे ना. विद्यापीठाचं वेळापत्रक आणि डेपोचं वेळापत्रक करणारी माणसं एकदा एका टेबलाला बसली पाहिजेत.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

बरं, मी फिजिक्स का म्हणालो ते सांगतो, एका शब्दात उत्तर देऊन पळालो असं वाटायला नको. माझा पुतण्या फिजिक्स करून जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला गेला. फिजिक्सचा पाया पक्का असला की पोरगं मटेरियल, इलेक्ट्रॉनिक्स, हवामान, कुठंही वळतं. संख्याशास्त्र चांगलंच आहे, पण फिजिक्सला कमी लेखू नका.

निवृत्त_मास्तर

कमी कुणीच लेखत नाही. पण तुमच्या पुतण्याला फिजिक्स आवडत होतं, हेच त्यातलं मुख्य. इथं मुलीला दुसरं आवडतंय.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, संख्याशास्त्र कोल्हापूरला परकं नाही. वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापूरचे, जन्म १९१९. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडं संशोधन केलं, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला, १९७४ साली पद्मभूषण मिळालं. जयंत नारळीकरांचे ते मामा. नारळीकरांचा जन्मही कोल्हापूरचाच. पोषणाच्या आकडेवारीवर जगभर काम केलेले पां. वा. सुखात्मे शेजारच्या सातारा जिल्ह्यातले. या मातीत हा विषय चांगला रुजलेला आहे. मुलांना हे वर्गात सांगायला हवं.

रंकाळा_टॉवर

नारळीकर माहीत होते, मामा माहीत नव्हते!

उद्यमनगर_आई

धागा थोडा वळवते, माफ करा. माझा मुलगा बीए पहिल्या वर्षाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून त्याच्या डोक्यात वकिलीच आहे. त्यानं मेजर कोणता घ्यावा?

कागल_नाका

ताई, तीन वर्षांच्या एलएलबीला कुठलीही पदवी चालते. खुल्या वर्गाला ४५ टक्के हवेत आणि सीईटी द्यावी लागते. म्हणजे मेजरनं दार बंद होत नाही. राज्यशास्त्र किंवा इतिहास आवडत असेल तर घेऊ दे, पण इंग्रजी आणि मराठी दोन्ही नीट लिहिता आलं पाहिजे. भाषेच्या तासाला दांडी मारू नको म्हणावं.

उद्यमनगर_आई

दांडीचं तुम्हाला कसं कळलं? 😄 आभारी आहे.

नवीन_वाशी_नाका

चौथ्या वर्षाचं कुणी सांगेल का? चार वर्षांची ऑनर्स करावी की तीनवर थांबून एमएस्सी?

तासिकावाली

तीन वर्षांनंतर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांनंतर एक वर्षाची. वेळ सारखाच लागतो. संशोधनासह ऑनर्स करायची असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, आणि तसे मार्क टिकले तर चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीच्या प्रवेशालाही पात्र होता येतं. पण चौथं वर्ष तुमच्या कॉलेजात आहे का, मार्गदर्शक आहे का, प्रयोगशाळा आहे का, ते आधी बघा. नसेल तर तीन वर्षं करून विद्यापीठाच्या विभागात एमएस्सीला जाणं मला जास्त बरं वाटतं. तिथं खर्डेकर ग्रंथालय आहे, दिवसभर अभ्यास करणारी मुलं सोबत असतात, आणि गरज असेल त्याला कमवा आणि शिका योजनेत कामही मिळतं.

निवृत्त_मास्तर

माझं मत थोडं वेगळं. ज्याला संशोधनच करायचं आहे त्यानं चौथं वर्ष कॉलेजात काढावं. लहान विभागात शिक्षक एकेका मुलाला वेळ देतात. पण मार्गदर्शक बघूनच, हे तासिकावालींचं म्हणणं खरं.

भोगावतीकाठ

मंडळी, काल सुट्टी टाकून बहिणीबरोबर कॉलेजात गेलो. तुमची सगळी उत्तरं वहीत उतरवून नेली होती.

मेंटरची यादी खरंच निघाली. तिच्या मेंटर रसायनशास्त्राच्या मॅडम आहेत. त्यांना तीन प्रश्न विचारले: संख्याशास्त्राचा मायनर कुठल्या सत्रापर्यंत जातो, प्रॅक्टिकलच्या बॅच कधी, आणि ओजेटी बाहेरच्या कारखान्यात चालते का. पहिल्याचं उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. पण उठून विभागात गेल्या, तक्ता आणला आणि आमच्यासमोर बोट ठेवून वाचला. अर्धा तास दिला. मला एवढंच पाहिजे होतं.

ओजेटीचं मी का विचारलं ते सांगतो. आमच्याकडं रोज रिजेक्शन शीट भरतात. कास्टिंगचा पार्ट नंबर, शिफ्ट, आणि ओतकामातले दोष: ब्लो होल किती, कोल्ड शट किती, सँड इन्क्लुजन किती. मी ती वर्षानुवर्षं भरतोय. मागच्या महिन्यात बहीण घरी आली होती, तिनं जुन्या शीटा मागितल्या आणि वहीत एक आलेख काढला. मधे सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादेच्या दोन रेघा. ब्लो होलचे वरच्या रेघेबाहेर गेलेले ठिपके जवळजवळ सगळे रात्रपाळीचे निघाले. सुपरवायझर साहेबांना दाखवला तर त्यांनी वाळूचा ओलावा रात्रीपण तपासायला लावला. त्या दिवसापासून मला वाटतंय की हिचं डोकं यातच चालतंय.

तर संख्याशास्त्र मेजर, गणित मायनर. वडिलांना मेघनाताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. गणित आहे म्हटल्यावर ते तयार झाले.

फुलेवाडीची_मेघना

फार आनंद झाला. तिला माझ्याकडून शाबासकी.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

तो आलेख वाचल्यावर माझं फिजिक्स मागं घेतो. पोरीचं अभिनंदन.

कागल_नाका

भावा, आता फॉर्म भरून झाल्यावर तो तक्ता आणि त्या वर्षाचा अभ्यासक्रम डाउनलोड करून ठेव. नियम बदलतात, पडताळणीला तिच्या वर्षीचा कागद लागतो. आणि एबीसी आयडीवरचं, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या खात्यावरचं नाव दहावीच्या सर्टिफिकेटशी तंतोतंत जुळतंय का ते बघ. वडिलांच्या नावात एक वेलांटी इकडं-तिकडं झाली तरी पोरं हेलपाटे घालतात.

भोगावतीकाठ

आजच बघतो. आणि स्वयम या सरकारी पोर्टलचे ऑनलाइन कोर्स चालतात का? तिला प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे, कॉलेजात ते आत्ता नाही.

तासिकावाली

चालतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात. पण कॉलेजनं तो कोर्स मान्य केला पाहिजे, म्हणून नोंदणीच्या आधी लेखी विचारा. त्यातला एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा कोर्स असेल तर असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. व्हिडिओ बघितले म्हणजे झालं असं नाही, दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत द्यावी लागते.

भाग_तीनची_प्रियांका

दादा, प्रॅक्टिकलच्या बॅचचं काय झालं? विभागात काय म्हणाले?

भोगावतीकाठ

बॅच कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पाडतात म्हणाले. सकाळची मिळेल याची खात्री नाही.

भाग_तीनची_प्रियांका

मग तिला सांगा, पहिल्याच दिवशी एसटीनं येणाऱ्या सगळ्या मुलींची नावं, गावं आणि शेवटच्या गाडीची वेळ एका कागदावर लिहून विभागप्रमुखांना द्यायची. पासची झेरॉक्स जोडायची. आम्ही गेल्या वर्षी असं दिलं आणि बाहेरगावच्या सगळ्या मुली सकाळच्या बॅचला आल्या. एकेकटीनं जाऊन विचारलं तर नंतर बघू म्हणतात. अर्जाचा नमुना माझ्याकडं आहे, संध्याकाळी इथंच टाकते.